चिवड्याची रोजकीर्द

रात्रीचे सव्वादोन वाजले होते आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून लेंड्या मोजत होते. सात भरल्या. दोन मुगाएवढ्या, बाकीच्या पार मोहरीच्या मापाच्या. बऱ्या दिवसांत चिवड्याची, म्हणजे आमच्या सशाची, लेंडी हरभऱ्याएवढी असते. गोल, कोरडी, बोटांत दाबली तर भुसा होईल अशी. दिवसाकाठी दोनशेच्या वर पडतात, त्यामुळे कोणी त्या मोजत नाही, नुसत्या झाडतं. वहीत लिहिलं : २.१५, लेंड्या ७, बारीक. पेन खाली ठेवलं आणि त्या सातांकडे बघून मला भरून आलं, कारण त्याआधीच्या अकरा तासांत एकही नव्हती.

सव्वीस वर्षं पतसंस्थेत रोजकीर्द लिहिते आहे. त्यामुळे सशाच्या आजारपणाची वही घातली तीही त्याच वळणाची झाली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पोटात गेलं ते जमेला : पावडरीची पेज इतके मिली, पाणी इतकं, औषध इतकं. बाहेर आलं ते नावे. रोज सकाळी कणीक मोजायच्या काट्यावर स्टीलची परात, परातीत ससा, आणि वहीत वजन. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी १ किलो ७१० ग्रॅम. उन्हाळ्यात तोच १ किलो ९६० होता. अडीचशे ग्रॅम म्हणजे आपल्याला एका वाटीचा फरक. त्याच्या अंगाचा तो आठवा हिस्सा.

लेकीनं चार वर्षांपूर्वी त्याला आणलं तेव्हा तो मुठीत मावत होता. तपकिरी, पांढरा, काळा, मधेच पिवळट. पातळ पोह्यांचा चिवडा परातीत उपसावा तसा रंग. म्हणून नाव चिवडा. पुढे लेक नोकरीला बंगळुरूला गेली आणि चिवडा साताऱ्यात आमच्याकडे राहिला. नाव खरं व्हायला मात्र चार वर्षं लागली. जूनपासून तो खाणं चिवडायला लागला. वाडग्याशी जायचा, नाक हलवत वास घ्यायचा, पान उचलायचा, दोनदा जबडा हलवायचा आणि टाकून द्यायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा टाकायचा. आम्ही म्हणत होतो, लाडावलाय.

त्यात तथ्य होतंच. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ८३ वर्षांच्या. तोंडात कवळी, आणि दुपारच्या चहाला ती कवळीही काढून वाटीत ठेवलेली. बिस्किट चहात बुडवायचं, अर्धं स्वतःला, अर्धं पायाशी बसलेल्या चिवड्याला. हा त्यांचा रोजचा नेम. मीही काही मागे नव्हते. दुकानातून रंगीत खाऊचं पाकीट आणायचं, त्यात मका, सूर्यफुलाच्या बिया, लाल-हिरव्या गोळ्या. शिवाय केळ्याचा शेवट त्याचा, गाजराचा तुकडा त्याचा. पूर्वी तो कंपाउंडातली हरळी खायचा. ती त्यानं सोडली, तेव्हा आम्हाला वाटलं, बरं झालं, आता घरातलं खातो. चावायला कठीण ते तो एकेक करून सोडत चालला होता आणि आम्ही त्याच्या आवडीनिवडीचं कौतुक पाहुण्यांना सांगत होतो.

हनुवटी ओली दिसायला लागली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. लाळ. गावातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. माणूस भला, पण सगळं आयुष्य म्हशी आणि शेळ्यांत गेलेलं. त्यांनी चिवड्याचा ओठ वर केला, 'दात वाढलेत' म्हणाले आणि नखं कापायच्या कटरनं पटाशीचे दात कटकन कापले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दोन दिवस जरा बरं वाटल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नंतर कळलं की असे कापले तर दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाऊ शकते, आणि खरं दुखणं तर तिथे नव्हतंच.

खरं दुखणं पुण्याच्या डॉक्टरांनी दाखवलं. त्या ससे, पोपट, कासवं असलेच पेशंट बघतात. साताऱ्याहून पुणं एकशेदहा-पंधरा किलोमीटर. वेताची टोपली मांडीवर, टोपलीत आईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना आवाज घुमला तसा त्यानं मागचा पाय एकदाच आपटला. ससेहोलपट हा शब्द मी कितीदा वापरला असेल. बसच्या गर्दीत झाली तरी ससेहोलपट, बदली झाली तरी ससेहोलपट. त्या दिवशी तो शब्द माझ्या मांडीवर कापत होता.

सशाचं तोंड फार थोडं उघडतं. नुसतं बघून दाढा दिसतच नाहीत, म्हणून कानात बघायचं दुर्बिणीसारखं यंत्र असतं ते तोंडात घालून बघावं लागतं. डॉक्टरांनी बघितलं, डोक्याचा एक्स-रे काढला आणि कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. सशाला २८ दात. पुढे पटाशीचे वर दोन, खाली दोन. वरच्या दोघांच्या मागे लपलेले आणखी दोन खुंटीएवढे. मग मोठी मोकळी फट आणि आत २२ दाढा. हे सगळेच्या सगळे जन्मभर वाढतात. पटाशीचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. वाढ थांबत नाही, म्हणून झीजही थांबून चालत नाही. गवत चघळताना ससा जबडा आडवा फिरवतो, जात्यासारखा. दाढेवर दाढ घासते, गवतातली वाळूसारखी बारीक खर तिला झिजवते. बिस्किट, केळं, गोळ्या यांना आडवं दळावं लागत नाही. वरखाली दोनदा दाबलं की झालं. मग दाढेचा मधला भाग तेवढा झिजतो आणि कडेला काटे उरतात. खालच्या दाढांचे काटे जिभेकडे, वरच्यांचे गालाकडे. चिवड्याच्या जिभेला डाव्या बाजूला जखम होती. जीभ कापत असताना तो तीन महिने जेवत होता, आणि तक्रारीचा एक आवाज नाही. ज्याची शिकार होते तो प्राणी ना. दुखतंय हे दिसलं की आधी त्यालाच उचलतात, हे त्याच्या रक्तात.

ते खुंटीएवढे दोन दात आईंना फार आवडले. त्यांच्यामुळे ससा उंदीर-घुशींच्या गटात मोजत नाहीत, त्याचा गट वेगळा, असं मी घरी येऊन सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे गणपतीच्या वाहनाचा हा कोणी लागत नाही तर. बरं झालं, उगाच मान द्यावा लागला असता."

डॉक्टर म्हणाल्या, "याला दिवसभर हे द्यायचं. जेवणातला मोठा वाटा हे."

मी विचारलं, "हे म्हणजे कोणतं?"

"हे म्हणजे हे. सुकं गवत."

तेव्हा उलगडा झाला, हा 'हे' इंग्रजीतला. आईंच्या पिढीत 'हे' म्हणजे नवरा, त्यामुळे 'चिवड्याला रोज हे लागतं' या वाक्यावर घरात दोन दिवस करमणूक झाली. परदेशी टिमथी गवताची पाकिटं मिळतात. पण हरळी, मारवेल, असलं आपलं गवतही चालेल म्हणाल्या, स्वच्छ जागेवरचं, फवारणी नसलेलं. लसूणघास नको, त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला सोसत नाही. माझं माहेर नगरकडचं. तिकडे लसूणघासाला नुसतं 'घास' म्हणतात. परतीच्या वाटेवर हा शब्द डोक्यात फिरत राहिला. तोंडात भरवतो तो घास, जनावराला घालतो तो घास, आणि घासणंही त्याच अक्षरांचं. मी पहिल्याच अर्थाला धरून बसले होते.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती गणपतीच्या तीन दिवस आधीची. आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही. मी तशीच तयारी करून निघणार, तर फोनवर सांगितलं, उपाशी ठेवू नका, उलट त्याचं खाणं बरोबर आणा. सशाला उलटी होतच नाही. मग भुलीत उलटी श्वासनलिकेत जायची भीती नाही. भीती दुसरीच. त्याचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. काही तास खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आणखी थांबतं. दातानं नाही, पण या चक्रानं ससा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. कुत्र्या-मांजरापेक्षा सशाला भूल देणं जोखमीचं, असंही त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि कागद पुढे केला. कर्जाच्या कागदांवर लोकांच्या सह्या घेण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी माझी सही वाकडी आली.

पाऊण तासात काटे घासून झाले, पटाशीचे दात यंत्रानं सारखे करून झाले. दात काढावा लागला नाही. टोपलीत त्याला परत दिलं तेव्हा कान गार होते. घाट चढेपर्यंत मी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या पाठीशी धरली होती.

मला वाटलं होतं, काटे गेले म्हणजे आता घरी जाऊन तो वाडग्यात तोंड घालील. तसं होत नाही. जिभेची जखम तशीच, ताणलेला जबडा ठणकतो, आणि दाढा एकमेकींवर बसण्याची तऱ्हाच बदललेली. नवी कवळी बसवल्यावर आई पंधरा दिवस भातसुद्धा घाबरत खात होत्या, तसंच हे. म्हणून दर तीन-चार तासांनी सिरिंजनं भरवायचं. गवताचीच पावडर मिळते, कोमट पाण्यात कालवली की पातळ पिठल्यासारखी होते आणि वासाला अगदी ओल्या गवताच्या गंजीसारखी.

पहिली खेप फसली. मी समोरून सिरिंज लावली. सशाला नाकासमोरचंच दिसत नाही, डोळे बाजूला. काहीतरी एकदम ओठाला लागलं म्हणताच त्यानं मान फिरवली, हिरवं पिठलं त्याच्या छातीवर, माझ्या गाऊनवर आणि फ्रीजच्या दारावर. दहापैकी दोन मिली तरी आत गेलं असेल का, जमेला काय लिहू, या विचारात मी तिथेच बसले. आई दारात उभ्या होत्या.

"अगं, घशात काय ओततेस? बोंडलं कधी धरलं नाहीस का?"

नव्हतं धरलं. माझ्या लेकीच्या वेळी बाटल्या होत्या. आईंनी तीन पोरं बोंडल्यावर वाढवली. त्या हळूच खाली बसल्या. गुडघ्यांमुळे त्याला दोन मिनिटं लागली. बाळाला दुपट्यात बांधतात तसं त्याला लुगड्याच्या तुकड्यात बांधलं, पुढचे पाय आत, डोकं तेवढं बाहेर. उताणं नाही, पोटावरच, मान सरळ. सिरिंजचं टोक बाजूनं, पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामधल्या फटीत. डॉक्टरांनी चित्रात दाखवलेली तीच फट आईंच्या बोटाला न बघता सापडली. "गालात सोड, घशात नको. एवढंस्सं. मग थांब. तो चघळेल." एक मिली. थांबलो. जबडा आडवा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग गिळल्याची हालचाल गळ्याशी. "हां, आता दुसरा." काऊचा, चिऊचा म्हणत त्यांनी बारा घास घातले. मी जमेला लिहिलं : १२ मिली. शेजारी पहिल्यांदाच शेरा मारला : आई.

त्या रात्री दात वाजण्याचे दोन आवाज मला ओळखता यायला लागले. ससा सुखात असला, कपाळ चोळलं, की दात अगदी हलके किरकिरतात. हात ठेवला तर बोटांना कळतात, कानांना जेमतेम. दुखतं तेव्हा कर्र, कर्र, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल असे. बाराच्या सुमारास तो कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता, डोळे अर्धे मिटलेले आणि तो दुसरा आवाज. वेदनेचं औषध होतं, मेलॉक्सिकॅम, गोडसर, ते वेळेवर दिलं. मोबाइलवर डॉक्टरांना कळवलं, त्यांनी आतडं हलतं ठेवायचं औषध आधीच दिलं होतं, ते चालू ठेवा म्हणाल्या. मी त्याच्या पोटाला कान लावला. निरोगी सशाच्या पोटात लांबून आल्यासारखी हलकी गडगड ऐकू येते. तिथे शांत होतं. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा पिठलं, पुन्हा हळूहळू चोळणं. सव्वादोनला त्या सात लेंड्या आल्या.

दुसऱ्या दिवशी नणंदेच्या यजमानांनी प्रेमानं सुचवलं, घरात अमॉक्सिसिलिनचं सिरप पडलंय, जखम आहे ना तोंडात, दे की थोडं. डॉक्टरांनी याच्यासाठी बजावूनच ठेवलं होतं : हे औषध सशाला तोंडावाटे द्यायचं नाही, त्याच्या आतड्यातले उपयोगाचे जीवाणूच मरतात आणि जीव जातो. मी बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि भाऊजींना चहा दिला.

मग गणपती आले. आमच्या बोळातल्या मंडळाची मिरवणूक घरावरून जाते. ढोल पंधरा का पंचवीस कोण जाणे, पण ताशाचा पहिला तडाखा बसला तशी भांड्यांच्या मांडणीला कंप सुटला. मी चिवड्याला मागच्या खोलीत नेलं, खिडकीवर दोन गोधड्या ठोकल्या आणि आरतीला गेलेच नाही. माझ्या पदराखाली त्याचं काळीज इतक्या भरभर उडत होतं की ठोके वेगळे मोजता येत नव्हते. बाहेर मोरया, आत आम्ही दोघं अंधारात. देवाला मनात म्हटलं, तुझाच एक दात अर्धा आहे, तू समजून घे.

गौरीच्या जेवणाला पाहुणे आले, त्यांनी खर्च विचारला. आकडा ऐकून एक काकू म्हणाल्या, "एवढ्यात चार ससे आले असते गं." हिशेब बरोबर होता. त्यात चूक काढायला मला काही सापडलं नाही. एवढंच की रोजकीर्दीत मी शस्त्रक्रियेचा खर्च अजून टाकलेला नाही, आणि असं सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या रकमेबाबत घडलेलं नाही.

दूर्वांचं मात्र सांगायलाच हवं. आई रोज सकाळी अंगणात हरळी निवडतात. गणपतीला लागतो तो कोवळा शेंडा, तीन पात्यांचा. असे एकवीस जमले की जुडी. खालचे वीतभर जून, तारेसारखे देठ त्या आजवर कुंपणाशी टाकत. हरळी उपटून उपटून माळी थकतात, तिचं मूळ संपत नाही. आमच्या कंपाउंडात तर बारमाही. पाचव्या दिवशी मी तेच जून देठ धुऊन, फडक्यावर कोरडे करून चिवड्यापुढे ठेवले. आधी वास. मग एक देठ मधोमध धरला, मिशीसारखा दोन्हीकडून लोंबत. मी श्वास रोखून बसले, आता टाकील. टाकला. पुन्हा उचलला. आणि मग देठाचं एक टोक हळूहळू आत सरकायला लागलं, आखूड, आणखी आखूड, जबडा डावीउजवीकडे फिरतोय, आणि त्या शांत खोलीत दळल्याचा बारीक करकर आवाज. देठ संपला. दुसऱ्या टोकाला पातं राहिलं होतं, तेही गेलं. मी आईंना हाक मारली तेव्हा माझा आवाज इतका चढला की त्या गणपतीला काही झालं समजून धावत आल्या.

त्या दिवसापासून निवडताना दोन ढीग होतात. शेंडे देवाचे, देठ चिवड्याचे. "दोघांचंही भागतं," आई म्हणतात, "आणि भांडण नाही."

सातव्या दिवशी परातीतला काटा १ किलो ७६०. लेंड्या मुगावरून वाटाण्यावर. सिरिंज दोन वेळांवर आली, मग एक वेळ, मग नुसती धुऊन ठेवली. रात्रीच्या त्या मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या असतात, ज्या ससा पुन्हा स्वतःच खातो, त्याही आता फरशीवर चिकटलेल्या दिसत नाहीत; म्हणजे वाकून खाता येतंय. कास रस्त्याला रात्री गाडीच्या उजेडात रानससे दिसतात. दिसायला चिवड्याचेच चुलते वाटतात, पण जात वेगळी. मराठीत दोघांना एकच शब्द. ते रोज तासन् तास माळाचं गवत रवंथ केल्यासारखं चघळतात. आमच्या चिवड्याचे पूर्वज स्पेनकडचे, आणि तो स्वतः बिस्किटांवर वाढलेला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. काटे परत येतील का, असं विचारलं तर म्हणाल्या, एकदा वळण बिघडलं की बहुतेक येतात. गवतावर राहिला तर उशिरा येतील. म्हणजे वही बंद करता येणार नाही.

चिवड्याचं माझ्याशी अजून जमलेलं नाही. मी खोलीत शिरले की तो पाठ फिरवून बसतो, कान मागे, आणि लांब जाताना मागचे पाय झटकतो. सिरिंज, औषध, परात, प्रवास, सगळं माझ्या हातानं झालं. आईंनी घास घातले तरी राग माझ्यावरच. त्यांच्या पायाशी तो अजून जातो. दुपारी चार वाजता तर हमखास. कवळी वाटीत पडल्याचा आवाज त्याला ओळखू येतो.

काल बघितलं. चहा आला, बिस्किट आलं. चिवडा दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे आईंच्या गुडघ्यावर. त्यांनी शेजारच्या सुपातून हरळीचे चार देठ काढून त्याच्यापुढे धरले. त्यानं ते हुंगले, मग बशीकडे बघितलं. "नाही रे बाबा," आई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची हळूच भिंतीकडे वळवली, त्याच्याकडे पाठ करून, आणि उपासाच्या माणसासमोर खाताना आपण खातो तसं, चोरून, बिस्किट चहात बुडवलं.